कावळ्याचं इथंच

"इथंच म्हणे! अरे कावळ्या, हे इथंच? तुला पंख हायत मेल्या! माझे पाय बघ. एवढे एवढे!"

चिमी उंदरी ओरडत हुती. कावळा कुठं? भुर्र! कवाच गेला.

चिमी सुट्टीला निघालेली. आज्जीकडं. बैलगाडीतनं. वाटंत गाडी थांबली, बाभळीजवळ. गुण्या बैल म्हणाला, "बाभळीची सावली चाकाला टेकली की निघालो. थांबायचो न्हाई."

कावळा म्हणाला, "तवर मावशीला भेटून ये की. हे काय, इथंच! ओढ्यापल्याड."

गेली चिमी. तुरूतुरू, तुरूतुरू. पानावर बसून ओढा ओलांडला. चालून चालून पाय दुखले. मावशीनं मुका घेतला. बस्स, तेवढंच! लगेच माघारी पळाली. बघती तर पान गेलं वाहून.

आन् सावली सरकतीया. सर्र सर्र.

तुरूतुरू, तुरूतुरू. कासवाकडं गेली.

"कासवदादा, कासवदादा, मला पल्याड सोडा.
सावली थांबंना.
गाडी निघंल गं बाई!"

"भूक लागलीया. वाळूक आण, मग नेतो."

तुरूतुरू, तुरूतुरू. वेलीकडं गेली.

"वेलीबाई, वेलीबाई, एक वाळूक द्या.
कासव नेईना,
सावली थांबंना.
गाडी निघंल गं बाई!"

"शेळी माझी पानं खातीया. आधी तिला हलीव."

सावली सरकली. सर्र सर्र.

तुरूतुरू, तुरूतुरू. शेळीकडं गेली.

"शेळीबाई, शेळीबाई, बाजूला सरका.
वेल देईना,
कासव नेईना,
सावली थांबंना.
गाडी निघंल गं बाई!"

"मेंऽऽ! कशी सरकू? दोरी गुंतलीया झुडपात."

तुरूतुरू, तुरूतुरू. दोरीकडं गेली.

"दोरीबाई, दोरीबाई, सुटा की जरा.
शेळी हलंना,
वेल देईना,
कासव नेईना,
सावली थांबंना.
गाडी निघंल गं बाई!"

"मला काय हात हायत? दातवालं कुणीतरी आण, जा!"

दातवालं? आता कुठनं आणू? कुत्रं तर पार गावात! सावली सर्र सर्र. चिमी ओढ्याकाठी बसली. रडायला तोंड उघडलं. पाण्यात तोंड दिसलं. तोंडात दात!

"अगं येडे! हे तर माझेच!"

कुर्रूम कुर्रूम! दोरी तुटली.
शेळी हलली.
वेलीनं वाळूक दिलं.
कासवानं खाल्लं. मचामचा, मचामचा.
"आवरा की दादा!"
कासवानं पल्याड नेलं. सपासप, सपासप.

सावली टेकली चाकाला! गुण्यानं पाय उचलला. करकर, करकर! चाक फिरलं. तुरूतुरू, तुरूतुरू... टुण्णकन उडी! चिमी गाडीत.

हुश्श!

तेवढ्यात कावळा आला परत. "काव! पुढं तळं हाय. बघून ये की. हे काय, इथंच!"

चिमी डाफरली, "पंखानं नगं सांगू. पायानं सांग! सावली किती सरकंल?"

कावळ्याला कुठं ठावं?

गुण्या म्हणाला, "मग आधी तू चालत जा, कावळ्या. चालत ये. मग सांग."

निघाला कावळा. टुकुटुकु, टुकुटुकु. अजून चालतोया.

आन् तू काय बसलायस ऐकत? ऊठ. चप्पल घाल. चल.