बांधावरची सभा

खाडीकाठच्या एका राज्यात एक विद्यापीठ होतं. तिथले पंडित जाडजूड ग्रंथ लिहीत आणि एकमेकांनाच वाचून दाखवत. ज्याचा ग्रंथ सभेला पटे, त्याला कायमचं आसन मिळे. पण ग्रंथ मांडायच्या दिवशी सभेची घंटा वाजली आणि मांडणारा जागेवर नसला, तर आसन गेलंच.

ऋजुता तिथली सगळ्यात तरुण अध्यापिका. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजणपाड्याच्या लोकांनी मातीचा बांध घातला होता. त्या बांधाचा ती दोन वर्षं अभ्यास करत होती. पहिल्याच दिवशी बारकीबाय नावाच्या शेतकरणीने तिला सुनावलं होतं, "तुझ्याआधी तिघे येऊन गेले, बाय. सगळं लिहून नेलं. परत एकाचंही तोंड दिसलं नाही."

"मी येईन," ऋजुता म्हणाली होती. "मला जे कळेल, ते आधी तुम्हाला सांगेन."

भादव्यातल्या अमावास्येला तिच्या ग्रंथाची सभा ठरली. आदल्या संध्याकाळी बांधाची जुनी-नवी मापं ताडून पाहताना तिचा हात थबकला. बांध वळणापाशी हातभर खचला होता. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं. आणि अमावास्येला भर दुपारी उधाण येणार होतं! शेतात भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. खारं पाणी एकदा आत शिरलं, की तीन वर्षं तिथे काही पिकणार नव्हतं.

ती धावत कुलगुरूंकडे गेली. "सभा दोन दिवस पुढे ढकला."

शेजारी बसलेले ज्येष्ठ पंडित त्र्यंबकशास्त्री हसले. "अगं, बांध काय पळून जातोय?"

"हो, शास्त्रीबुवा, पळतोय. कधी मोजायला गेला असतात तर कळलं असतं."

"मग निरोप धाड."

"विद्यापीठाचा निरोप तिथे कोण खरा मानणार? मलाच गेलं पाहिजे."

"जा. आसनाची वाट पाहणारे पुष्कळ आहेत."

कुलगुरूंनी तिची मापांची वही पुढे ओढली आणि ते वाचू लागले.

सकाळी ऋजुताने सभागृहाकडे एकदा वळून पाहिलं आणि खाडीची वाट धरली. लोक दरवर्षीप्रमाणे बांधातल्या पाण्याच्या दरवाजापाशी माती टाकत होते.

"वळणाकडे चला!" ती ओरडली. "तिथे फुटणार आहे."

"आमचे बापजादे इथेच माती टाकत आले," एक म्हातारा गुरगुरला. कुणी हललं नाही. पाणी चढत होतं.

बारकीबायने तिच्याकडे रोखून पाहिलं. "आज सभा होती ना तुझी?"

"होती."

बारकीबायने मातीची पाटी उचलली. "चला रे! ही परत आलीय."

वळणावर ऋजुता चिखल थापू लागली. बारकीबायने तिचा हात धरला. "जागा तू सांगितलीस, माती मी सांगते. नुसता चिखल वाहून जाईल. पेंढा घाल त्यात."

पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं. मग चार बोटं. पाट्या हातोहात येत होत्या. ऋजुताने पाटीसाठी मागे हात केला आणि दचकली. पाटी देणारे कुलगुरू होते, धोतर गुडघ्यावर खोचलेलं. त्यांनी घंटा वाजवलीच नव्हती. मागे सगळी सभा चिखलात उभी होती.

बोटभर अंतरावर पाणी थबकलं. मग हळूहळू उतरू लागलं.

"सभा इथेच भरेल," कुलगुरू म्हणाले. "परीक्षक बारकीबाय."

"हिला कळतं काय ग्रंथातलं?" त्र्यंबकशास्त्री कडाडले.

बारकीबाय त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. "तुम्ही! चाळीस वर्षांमागं माझ्या सासूनं तुम्हाला हाच बांध फिरून दाखवला. मी नवी नवरी होते, भाकरी मीच वाढली होती. त्या तिघांतले पहिले तुम्हीच."

शास्त्रीबुवांना कायमचं आसन बांधांवरच्या ग्रंथानेच मिळालं होतं. त्यांची मान खाली गेली. मग ते वाकले, आणि समोरची रिकामी पाटी त्यांनी उचलली.

बारकीबायने कौल दिला, "ही परत आली," आणि आसन ऋजुताला मिळालं. त्या दिवसापासून आसन देण्याआधी कुलगुरू गावाला एकच प्रश्न विचारू लागले, "हा परत आला होता का?"

तात्पर्य: लोकांकडून घेतलेली विद्या लोकांच्या दारी परत पोचेपर्यंत अपुरीच असते, आणि ती पोचवायला जो निघतो, त्याची वाट अडवू नये, त्याच्यासोबत चालावं.