खेमा नावाड्याचे भरलेले घडे

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, पश्चिमेकडच्या यवनांची जहाजं पावसाळी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत आणि मिरी, सुती कापड भरून परत जात, तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या बंदरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, खाडीच्या तोंडाशी, शिरतर नावाचं गाव होतं. तिथल्या तरीवर खेमा नावाचा नावाडी होता. अंगानं आडवा, बोलायला कमी. खाडीचं पाणी त्याला आवाजावरून ओळखतं, असं म्हणत.

गावासमोर खाडीत एक बेट होतं. त्यावर नुसती तिवरं आणि एक झापांचं खोपट. गोड्या पाण्याचा थेंब नाही. गावात फोडांचा ताप आला की आजारी माणसाला त्या बेटावर ठेवून यायचं, अशी रीत होती, आणि ते काम नावाड्याचं. माणसाला खोपटात निजवायचं, उशाशी काठोकाठ भरलेला घडा ठेवायचा आणि परत फिरायचं. दहा दिवस तिकडे कुणी होडी लावायची नाही. अकराव्या दिवशी नावाड्यानं चितेची लाकडं घेऊन एकट्यानं जायचं.

तो परत येई तेव्हा घरचे धक्क्यावर उभे असत. ते एकच विचारत, "घडा?"

खेमा सांगे, "भरलेला होता."

मग घरच्यांना धीर येई. घडा भरलेला म्हणजे माणसाला तहानसुद्धा लागली नाही. देवीनं त्याला लगेच मांडीवर घेतलं, सुखानं नेलं. खेमानं आजवर एकही घडा रिकामा पाहिला नव्हता.

सात वर्षांपूर्वी त्यानं स्वतःची मुलगी तिकडे नेली होती. धमी तिचं नाव, वय आठ. कुंभाराकडचा सगळ्यात मोठा घडा त्यानं तिच्यासाठी निवडला होता. तो उतरवताना त्याच्याच दंडात कळ आली होती. अकराव्या दिवशी तो घडाही भरलेला होता. त्या एका गोष्टीच्या आधारावर खेमा सात वर्षं जगला.

मग एका वर्षी एका जहाजाबरोबर ताप आला. आजारी पडलेले तीन खलाशी बंदरावरून शिरतरला आणले, आणि त्याच आठवड्यात खेमाची बायको सुलसा तापली. चौघांना एकाच होडीत घातलं. होडी सोडणार, एवढ्यात एक परदेशी बाई पाण्यात उतरून आली आणि सरळ आत चढून बसली. तबीथा तिचं नाव. त्या खलाशांच्या मागोमाग आलेली, एका व्यापाऱ्याच्या घरची दासी, दोन वर्षं बंदरावर राहून आपली भाषा शिकलेली.

"तुला ताप नाही, बाई. उतर," खेमा म्हणाला.

"मी यांच्याबरोबर जाणार."

"तिकडे आपल्या पायानं कुणी जात नाही."

"मग मी पहिली."

होडीच्या तळाशी पडलेली सुलसा डोळे न उघडता म्हणाली, "घ्या की तिला. तुम्ही तर थांबणार नाही."

खेमानं होडी लोटली. बेटावर त्यानं चार घडे ठेवले. बायकोच्या तोंडाकडे त्याला बघवलं नाही. तो परत आला आणि दहा दिवस धक्क्यावर बसून राहिला.

अकराव्या दिवशी तो लाकडं घेऊन निघाला. अर्ध्या खाडीत असतानाच त्याला बेटावर धूर दिसला. तो जोरानं वल्ही मारू लागला. तिकडे धूर करणारा आजवर तो एकटाच होता.

तो चिखल तुडवत खोपटाशी गेला. आतून कुणीतरी खोकलं. मग ओळखीचा आवाज आला.

"लाकडं कशाला आणलीत? तांदूळ आणायचे होते."

खेमाच्या खांद्यावरची मोळी खाली पडली. सुलसा खोपटाच्या खांबाला टेकून बसली होती. तोंड फोडांनी भरलेलं, डोळे जागे. दोन खलाशी तिच्या शेजारी, तबीथानं गाठोड्यातून आणलेल्या तांदळाची शेवटची पेज पीत होते, आणि ती चुलीपाशी बसली होती. तिसरा गेला होता. त्याला वाळूत नीट पुरून वर दोन काटक्या आडव्याउभ्या बांधल्या होत्या. आणि चारही घडे उपडे घातलेले होते.

ते पाणी पाचजणांना दहा दिवस कसं पुरलं, हे कुणाला सांगता येत नाही. असं म्हणतात की तबीथानं हात ठेवला की घडा पुन्हा भरे. सुलसा मात्र म्हणे, ती बाई प्यायलीच नाही, तिचे ओठ बघायला हवे होते तुम्ही.

खेमा त्या उपड्या घड्यांकडे बघत राहिला. "तुला तहान लागली होती?" त्यानं विचारलं.

"तहान?" सुलसा हसली. "जिवाची आग झाली होती, आग! घडा हाताच्या अंतरावर, पण हात उचलला जाईल तर ना. हिनं मान धरून थेंब थेंब पाजलं. नाहीतर तो तसाच भरलेला..."

तिनं खेमाकडे पाहिलं.

दोघांनाही ते एकदमच कळलं. खेमा चिखलात बसला. धमीचा घडा सगळ्यात मोठा होता. तो त्यानं काठोकाठ भरला होता.

मग त्यानं तबीथाला विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

"आमच्या शहरात असाच ताप आला," ती म्हणाली. "वैद्य पळाले. पोरं आईबापांना रस्त्यावर टाकून पळाली. एका घरात जमून भाकरी वाटून खाणारी काही माणसं तेवढी राहिली. राजा त्यांना तुरुंगात टाकी, लोक त्यांना वेडे म्हणत. त्यांनी मला पाणी पाजलं. मी उठले, मी दुसऱ्याला पाजलं. एकेका बंदरात आम्ही असेच वाढलो. आमच्या येशूला लाकडावर खिळलं, तेव्हा तोही म्हणाला होता, तहान लागली."

"मग पाजलं कुणी?"

"आंब दिली. आंबलेली दारू," तबीथा म्हणाली.

खेमा उठला. त्यानं सगळ्यांना होडीत घेतलं.

धक्क्यावर जमलेली माणसं जिवंत सुलसेला बघून मागे सरली. कुणी दगड उचलले. गावाचा मुख्य शिवदत्त ओरडला, "खेमा, अरे वेड्या, मेलेल्यांना घेऊन आलास!"

"मेली असेल तुमची अक्कल," सुलसा होडीतून म्हणाली.

शिवदत्त गुडघाभर पाण्यात आला. त्यानं रिकामे घडे पाहिले, आणि धक्क्यावरच्या सगळ्यांच्या आधी त्याला समजलं. तो खेमाच्या कानाशी वाकला. "गप्प राहा. बाईनं मंत्र घातला म्हणून सांग. या गावात एक घर असं नाही, जिथून तू माणूस नेला नाहीस."

खेमालाही तेच हवं होतं. त्याच्या स्वतःच्या घरासाठी तर फारच हवं होतं.

एवढ्यात गोतमी म्हातारी गर्दीतून पुढे आली. तिचा एकुलता एक मुलगा पूसा तीन वर्षांपूर्वी बेटावर गेला होता.

"खेमा, तुझ्या बायकोला तहान लागली होती का रे?"

खेमानं शिवदत्ताकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. "लागली होती, आजी."

"आणि माझ्या पूसाला?"

"त्याचा घडा भरलेला होता," खेमा म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी त्यानं त्याच जागी हेच शब्द सांगितले होते, आणि म्हातारीनं तेव्हा त्याला आशीर्वाद दिला होता. आता ती होती तिथेच पाण्यात बसली. रडली नाही. धक्क्यावरचं एकेक घर आपापला घडा आठवू लागलं. म्हणतात की भरतीची वेळ होऊन गेली तरी त्या दिवशी पाणी पुढे आलं नाही. मग कुणीतरी वल्हं उचललं आणि खेमाला मारलं. त्यानं हात आडवा घातला नाही. त्याचा डावा खांदा तेव्हापासून कायमचा वाकडा राहिला.

मारणारे दमल्यावर गोतमी उठली. "कुंभाराच्या सुनेला कालपासून ताप आहे," ती म्हणाली. "मला तिच्याबरोबर पलीकडे ने."

"मीही उतरेन तुझ्याबरोबर, आजी," खेमा म्हणाला.

त्यानंतर त्या बेटावर कुणी एकटं गेलं नाही. असं म्हणतात की तापातून उठलेल्यांना ताप पुन्हा शिवत नसे, आणि ती माणसं आजाऱ्यांमध्ये अशी फिरत जशी खाडीत बदकं. तबीथा वारा फिरल्यावर पुढच्या बंदराला गेली. तिच्या मागे काहीजण आठवड्यातून एकदा खेमाच्या होडीच्या मांडवात भाकरी वाटून खाऊ लागले. खेमानं तिचा देव घेतला की नाही, यावर गावात दोन मतं आहेत, आणि ती दोन्ही मोठ्या आवाजात सांगितली जातात.

आता खाडीवर पूल आहे. पण शिरतरमध्ये कुणी अंथरुणाला खिळलं की शेजारी पाळी लावतात. घर कुठल्या का देवाचं असेना. तिला खेमाची पाळी म्हणतात, आणि ती चुकवणाऱ्याच्या घरी लग्नाला कुणी जात नाही. आणि माणूस गेलंच, तर समाचाराला येणारे कसे गेले म्हणून विचारत नाहीत. दारात उभे राहून ते विचारतात, "पाणी कुणी पाजलं?"

मग आतून कुणीतरी पुढे येतं आणि आपलं नाव सांगतं.