निवासच्या गाडीची नवी पेडलं

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आहे, कारण दुधाच्या टेम्पोचा भोंगा नुकताच वाजला होता आणि तो कधी चुकत नाही.

बोरजाईवाडीत एक भोळा बाप राहत होता. नाव निवास. बाप नवाच होता. बायको शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि त्या दिवशी तो बायकोला आणि लेकीला घरी आणणार होता. सासऱ्यांनी बजावून सांगितलं होतं, "पाव्हणं, तिन्हीसांजेच्या आत लेकरू तुमच्या घरात पोचलं पाहिजे. उशीर केला तर दिवाळीपर्यंत पाठवणार नाही."

त्यात चूक काही नव्हती. तान्हं लेकरू तिन्हीसांजेला बाहेर कोण ठेवील?

निवासची गाडी जुनी होती. लेक पहिल्यांदा बसणार म्हणून त्यानं तालुक्याहून अ‍ॅल्युमिनियमची नवी चकचकीत पेडलं आणली होती. ब्रेकला एक, क्लचला एक, अ‍ॅक्सिलेटरला एक. दुकानातल्या मेस्त्रीनं सांगितलं होतं, "आधी जुनं रबर काढा, मग ही बसवा. वर बसवली तर पाय घसरेल."

निवासनं आधी जुनं रबर काढलं. वायपरचं काढलं. दारांच्या कडेचं काढलं. काचांच्या भोवतीचं काढलं. मग जॅक लावून चाकाचं काढायला बसला.

त्याची आई हौसाबाई अंगण झाडायला आली आणि झाडू धरून उभीच राहिली.

"आरं, हे काय मांडलंयस?"

"जुनं रबर काढतोय."

"चाकाचं?"

"तेपण रबरच आहे की गं. आणि जुनं आहे."

"आरं शहाण्या, फक्त पायाखालचं रबर काढायचं. पायाखालचं तेवढं."

"बरं. लक्षात ठेवलं," निवास म्हणाला.

आणि ठेवलं. सगळं रबर परत जागच्या जागी बसवलं. मग पायाखालचं रबर काढायला लागला. आधी स्वतःच्या चपला काढल्या. मग आईच्या काढून घेतल्या. शेजारचे आनंदराव तात्या नुसते विचारपूस करायला आले होते, तर त्यांच्याही पायातल्या काढल्या.

तात्या जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर होते. ते अनवाणी उभे राहून म्हणाले, "बाळा, पेडलावरचं रबर. गाडीतल्या पेडलावरचं."

"ते तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं, तात्या."

मग एकदाची पेडलं बसली. तशी ती बरी बसली होती, हे सांगितलं पाहिजे. पण खात्री करायला निवासनं दुकानात फोन लावला. मेस्त्री घाईत होता. तो म्हणाला, "बोल्ट घट्ट आवळा. पेडल हलता कामा नये." आणि फोन ठेवला.

निवासनं ब्रेक दाबून बघितला. पेडल खाली गेलं. म्हणजे हललं. त्यानं बोल्ट आणखी आवळला. परत दाबलं. परत हललं. तेव्हा त्यानं अंगणातला एक दगड आणून पेडलाच्या मागं ठोकून बसवला. दाबून बघितलं. जरासुद्धा हललं नाही. मग क्लचलाही एक दगड ठोकला.

"तात्या, बघा. एकदम घट्ट."

तात्या आत बसले. ब्रेक दाबला. दोन्ही पायांनी दाबला. मग हळूच खाली उतरले आणि पायरीवर जाऊन टेकले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"निवास, ही गाडी रस्त्यावर नेली असतीस तर काय झालं असतं, कळतंय का तुला?"

"पेडल हललं नसतं."

"ऐक माझं. पाय ठेवला की ते खाली गेलंच पाहिजे. नाही गेलं तर माणसाचा जीव जाईल. कळलं?"

"बरं. लक्षात ठेवलं."

दगड निघाले. तात्या बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडे गेले. हौसाबाई चहा टाकायला आत गेली. निवास घराच्या पायरीवर उभा राहिला. त्यानं पाय ठेवला, पण पायरी खाली गेली नाही. दुसरा ठेवला, तरी गेली नाही. शालन याच पायरीवरून येणार होती, कडेवर लेक घेऊन. माणसाचा जीव जाईल, असं तात्या स्वतः म्हणाले होते.

त्यानं पहार आणली आणि पायरीखालची माती उकरायला घेतली.

आईनं चहा घेऊन पायरीवर पाऊल टाकलं आणि पायरी खाली गेली. आईही गेली. चहाही गेला. लागलं काही नाही, फक्त लुगडं भिजलं.

निवासनं सुटकेचा निःश्वास सोडला. "आता कसं. आता भीती नाही."

हौसाबाई उठली, तशी त्यानं पायरी उचलून त्याच पोकळीवर परत ठेवली. हौसाबाईला वाटलं, पोराचा दोष नाही, आपलाच आहे. नवी वस्तू आणली आणि पूजा करायची राहिली, म्हणून हे सगळं चाललंय. ती लुगडं बदलून ताट घेऊन आली. तिन्ही पेडलांना हळद-कुंकू लावलं, एकेक झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फोडला. निवास नमस्काराला वाकला, तेव्हा त्याचा पाय चुकून ताटाला लागला.

"आरं, पूजेतल्या वस्तूला पाय लावतात का? पाया पड आधी. कधी लावू नये पाय."

"कधीच?"

"कधीच."

"बरं. लक्षात ठेवलं."

आई बाळाची दुपटी उन्हात टाकायला परसात गेली. निवास गाडीत बसला. खाली बघितलं. तिन्ही पेडलं हळदीकुंकवात न्हाऊन बसली होती. त्यानं दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

गाडी सुरू झाली, पण पुढं सरेना. त्यानं हातानं पेडल दाबून बघितलं. तसं केलं की डोकं स्टिअरिंगच्या खाली जायचं आणि रस्ता दिसायचा नाही. एवढं मात्र त्याला कळत होतं, की रस्ता दिसला पाहिजे. ऊन डोक्यावर आलं. मग कलंडायला लागलं. तेव्हा तो उठून तात्यांकडे गेला.

"तात्या, बैलं द्या."

"रानात जायचंय?"

"सासुरवाडीला."

तात्यांना वाटलं, पोराला एकदाची अक्कल आली, बैलगाडीनं जातोय. त्यांनी बैलं दिली.

निवासनं बैलं आपल्या गाडीला जुंपली. दोन्ही खिडक्यांतून कासरे आत घेतले, सीटवर मांडी घातली आणि निघाला. रस्ता सगळा सपाट आहे, उतार कुठंच नाही. असता तर हे मला हसत सांगता आलं नसतं.

सासरे दिनकरराव दारात उभे होते. एक डोळा रस्त्यावर, एक डोळा सूर्यावर.

"पाव्हणं, गाडी बंद पडली काय?"

"नाही मामा. चांगली चालू आहे."

"मग बैलं कशाला?"

"पेडलांची पूजा केलीय. पाय कसा लावू?"

सासूबाईंनी पदर तोंडात धरला. शालन लेकीला खांद्यावर घेऊन दारात आली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग सूर्याकडे बघितलं. "आबा, तुम्हीच काय ते समजावा यांना. मी घरी जायला सकाळपासून तयार बसलीय."

सासरे घाईला आले होते. म्हणाले, "पाव्हणं, पूजा झाली की विसर्जन करायचं असतं. अक्षता टाका, विसर्जन करा, की सगळं मोकळं. एवढंही ठाऊक नाही?"

"बरं. लक्षात ठेवलं."

सगळे आत गेले. शालनची ओटी भरायची होती, बाळाला काजळ लावायचं होतं, तीट लावायची होती. आधीच सांगते, बाळ आतच होतं, आजीच्या मांडीवर. गाडीत कुणीही नव्हतं.

बाहेर आले, तर अंगणात बैलं उभी होती, रवंथ करत. गाडी नव्हती.

घराच्या मागं गावतळं आहे. गणपतीसाठी तिथं पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार केलाय. तळ्याच्या काठावर गावची पोरं टाळ्या वाजवत होती. पाण्यावर तीन झेंडूची फुलं तरंगत होती. आणि कमरेपर्यंत भिजलेला निवास हातात सकाळच्या नारळाचे तुकडे घेऊन वर येत होता.

"घ्या मामा, प्रसाद."

"गाडी कुठाय?"

"विसर्जन केलं. तीनदा वरखाली करायची होती. पहिल्यांदा गेली ती वर आलीच नाही." मग त्याला वाटलं, मामांना काळजी वाटत असेल. "पण पाय नाही लावला मी. हातानंच ढकलली."

शालन म्हणाली, "आबा, तुम्ही सांगितलं तेच केलंय त्यांनी."

दिनकररावांनी स्वतःची बैलगाडी काढली, तात्यांची बैलं जुंपली आणि कासरा स्वतःच्या हातात घेतला. लेकरू निवासच्या मांडीवर दिलं. वाटेत त्याला एवढंच सांगितलं, "हिला धरून बसा." आणि खरं सांगायचं तर, तो सांगितल्यासारखा धरून बसला. नाकावर माशी बसली तरी हात सोडला नाही.

बोरजाईवाडीत पोचले, तेव्हा दिवे लागायला थोडा अवकाश होता. हौसाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. दिनकरराव पुढं झाले, त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले.

निवासनं लेकीला छातीशी धरलं आणि समाधानानं म्हणाला, "बघितलंत मामा? खाली गेली. नाहीतर जीव गेला असता."

गाडी अजून तळ्यातच आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा ट्रॅक्टर आणि लांब दोर असेल तर एवढा निरोप पोचवा. फक्त निवासच्या कानावर घालू नका, वर्षाच्या आत गाडी वर आली तर तो परत ढकलील. हौसाबाई परवा त्याला सहज म्हणाली होती, विसर्जन केलेला देव पुढच्या वर्षी आपणहून परत येतो, आणि तो ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणत रोज तळ्याकाठी वाट बघत बसलाय.