सातवा गोळा

“पण खालून करपतं आणि वरून कच्चं राहतं, याला दोष कोळशाचा म्हणायचा की शेगडीचा?” शर्वरीनं तिसऱ्यांदा विचारलं.

उकंडबुवा सुपात तुरीची डाळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा उचलला, निरखला आणि बाजूला टाकला.

“बुवा, मी तुम्हाला विचारते आहे.”

“ऐकून रायलो ना.”

...

वर्धा नदीकाठच्या त्या मठात उकंडबुवांना चाळीस वर्षं झाली होती. दर गुरुवारी ते गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत पुरून, कणकेचे रोडगे भाजत आणि ते खायला तालुक्यातून माणसं येत. पिझ्झा त्यांनी आजच्या आधी जन्मात पाहिला नव्हता. शर्वरीनं मात्र तो पुण्याच्या हॉटेलात दोन वर्षं विजेच्या भट्टीत भाजला होता आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नव्हती.

आज तिनं स्वतःची शेगडी आणली होती. गोल, काळीभोर, वर घुमटासारखं झाकण आणि झाकणावर उष्णता दाखवणारा काटा. मठाच्या अंगणात ती मांडताना शर्वरीचा रुबाब पाहण्यासारखा होता.

आता तो रुबाब पार उतरला होता. सहा पिझ्झे बिघडले होते आणि मठाच्या गाईनंही ते हुंगून सोडून दिले होते.

पलीकडे पिंपळाच्या पारावर तिचे वडील यादवराव चार सोबत्यांबरोबर बसले होते. ते बोलत नव्हते. त्यांचं बोलणं सकाळीच झालं होतं. “माह्यासमोर करून दाखव. मी दुसऱ्यांदा मागून खाल्लं, तं संत्र्याच्या बगीच्याचा रस्त्याकडचा कोपरा तुह्या हॉटेलाले. नाही तं सोमवारी पुण्याले जाय अन् कॉम्प्युटरच्या नोकरीवर बस.”

यादवरावांनी दुसऱ्यांदा मागून खाल्लेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी दुसऱ्या जिलबीवर हात आडवा धरला होता.

परातीत कणकेचा एकच गोळा उरला होता. सातवा.

“सूर्य बुडाला की मी उठतो वो,” यादवराव पारावरून म्हणाले.

शर्वरीनं मान वर करून सूर्याकडे पाहिलं. तो कोपरा तिला हवा होता. इतका हवा होता की रात्री डोळे मिटले की तिथली टेबलंसुद्धा तिला दिसत.

“बुवा, काहीतरी सांगा ना...”

बुवांनी सूप खाली ठेवलं. “झाकण किती वेळा उघडलं?”

“बघावं तर लागतंच ना! बघितल्याशिवाय कळणार कसं?”

“रोडगा आरात पुरल्यावर मी कसा पाह्यतो?”

“तुम्हाला सवय आहे.”

“पाहून पाहून झाली व्हय ती?”

...

शर्वरीनं कारण नसताना पदार्थांच्या वाट्या नीट मांडल्या.

बुवांनी आपला लांब चिमटा घेतला आणि शेगडीचं झाकण काढलं. मग जाळी उचलून त्यांनी मधले सगळे निखारे दोन्ही बाजूंना सारले. मधे राखेचा एक मोकळा गोल राहिला. जाळी परत बसवून त्यांनी चिमट्यानं त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवावं तसं दाखवलं.

“इथं ठेव.”

“इथं तर विस्तवच नाही, बुवा!”

“म्हणून तं इथं.”

तिनं गोळा थापला, लांबवला, पातळ केला. हात तिचे तयार होते, त्यात वाद नाही. त्यावर टमाट्याचा रस घालायला तिनं पळी उचलली, तर बुवांनी चिमटा मधे आडवा धरला.

“कोराच ठेव.”

“कोरा? वर काहीच न घालता?”

“नवरी मांडवात यायच्या आधीच आहेर करतात काय?”

पारावर कुणीतरी हसलं. शर्वरीचे कान लाल झाले. तिनं कोरी पोळी जाळीवर ठेवली आणि झाकण लावलं. थोड्या वेळानं बुवांनी खूण केली, तिनं झाकण काढून पोळी उलटली. वर आलेली बाजू भाजून टणक झाली होती, कुठे कुठे फुगली होती.

“आता कर आहेर.”

“भाजलेल्या बाजूवर?” असं ती म्हणणार होती. म्हणाली नाही. सूर्य नदीपलीकडच्या बाभळींना टेकला होता. तिनं रस पसरला, ढोबळी मिरची पेरली, चीज किसून घातलं आणि झाकण बसवलं.

बुवांनी ते झाकण जरासं फिरवलं. काटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिनं वेळ लावायला मोबाइल काढला. बुवांनी तो तिच्या हातातून अलगद घेतला आणि सुपातल्या डाळीत पुरून टाकला.

“मग मला कळणार कसं?”

बुवा शेगडीजवळ मांडी घालून बसले. त्यांनी डोळे मिटले.

“बुवा?”

...

शर्वरीला वाटलं, हे आतल्या आत मोजत असणार. चाळीस वर्षांचं तप आहे, यांना झाकणाआडचंही दिसत असेल. ती त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसली. खूण झाली की उघडायचं. तोवर हात मांडीखाली.

आधी तापल्या लोखंडाचा वास आला. मग टमाट्याचा आंबटगोड.

“आता, बुवा?”

...

मग आणखी एक वास आला आणि ती दचकली. हा तिच्या ओळखीचा होता. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून ती गुरुवारी मठात यायची, तेव्हा फाटकापाशीच हा वास यायचा. रोडगे झाल्याचा. दिवसभरात एकदाही तो तिच्या नाकापर्यंत पोचला नव्हता, कारण त्याआधीच तिनं झाकण उघडलेलं असायचं.

तिचा हात मांडीखालून निघाला आणि झाकणाच्या मुठीवर गेला. तिनं बुवांकडे पाहिलं.

बुवांची मान खाली झाली आणि वर आली.

तिनं झाकण उचललं.

काय सांगावं! कडा सोनेरी फुगलेल्या, वर चीज बुडबुडत होतं, आणि उचलून पाहिलं तर खाली एक काळा ठिपका नाही. शर्वरी लहान पोरीसारखी ओरडली. मठाची गाय दावणीवरून वळून बघू लागली.

पहिला तुकडा यादवरावांच्या ताटात गेला. ते सावकाश चावत राहिले. सोबती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. यादवरावांनी कडसुद्धा सोडली नाही. त्यांनी बोटं पुसली, नदीकडे पाहिलं, घसा साफ केला.

...

“अजून हाय काय?”

पारावर एकदम कालवा झाला. एकानं तर टोपीच उडवली. शर्वरीनं दुसरा तुकडा वाढला.

“त्या कोपऱ्यात पाण्याचा पाइप मी टाकून देतो,” यादवराव ताटात बघत म्हणाले. “तू सोमवारी मोजमाप घे.”

ती धावत अंगणात आली. बुवा डाळीतून तिचा मोबाइल उकरून काढत होते. तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही तिनं येऊ दिलं.

“बुवा, सगळं तुमच्या त्या खुणेमुळं झालं. अगदी नेमक्या क्षणी तुम्ही मान हलवलीत. नसती हलवली तर सातवाही वाया गेला असता!”

बुवांनी मोबाइलवरची डाळ झटकून तो तिच्या हातात दिला.

“मान?” ते म्हणाले. “मले तं डुलकी लागली होती वो, माय.”