गाजरगवतातले नगराध्यक्ष

मोकळ्या प्लॉटांवरचं गाजरगवत काढल्याचा खर्च नगरपालिकेने मालकांवर लादला, आणि हरकती ऐकायला नगराध्यक्ष दिनकरराव स्वतः बसले. ऐकायला म्हणजे जांभया द्यायला. पैसे भरल्याशिवाय घर बांधायची परवानगी नाही, म्हणून माणसं हात जोडून रांगेत उभी.

पारूबाई शेवाळे तेवढी हात न जोडता आली. तिच्या प्लॉटवर लेकीचं घर व्हायचं होतं.

"माझ्या जागेला तुमचा विळा लागलेला नाही," ती म्हणाली. "गवत कमरेएवढं आहे."

"आजी, गवत पुन्हा उगवतं," दिनकरराव हसले. "आमच्या माणसांनी ते मुळासकट काढलं, पडलेला कचरा उचलला, जमीन आरशासारखी केली. मी सही केलीय."

"कचरासुद्धा उचलला?"

"काडी ठेवली नाही!"

पारूबाईने पोत्यातून एक फ्लेक्स ओढून टेबलावर पसरला. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीतले दिनकरराव त्यावर हात जोडून हसत होते, आणि त्यांच्या नाकातून गवताचं निबर खोड आरपार गेलं होतं.

"हा आज सकाळी तिथूनच उपटून आणला. फ्लेक्स काही पुन्हा उगवत नाही. तेव्हा एक तर तुमची माणसं आलीच नाहीत, नाहीतर त्यांनी तुम्हाला उचलण्याच्या लायकीचा कचराही समजलं नाही. दोन्हींतलं कोणतं, ते लिहून द्या."

सभागृह खो खो हसलं. दिनकररावांनी माणसं आली नसल्याचं लिहून दिलं आणि खर्च रद्द केला.

"हे घेऊन जा आता," ते फ्लेक्सकडे न बघता पुटपुटले.

"नेते की. शेळ्यांच्या छपरावर घालीन. तेवढं तरी काम होऊ दे तुमच्या हातून."