पेरायला काय ठेवलंस?

पटायचं न्हाई तुला. लाव पैज. यातला एक शब्द जरी खरा मानलास, तर हे उरलेले दोन दात काढून तुझ्या हातावर ठेवीन.

"आणि पेरायला काय ठेवलंस?" नागनाथ गुरुजी इचारत व्हते.

हेमांगी वहीची पानं चाळाया लागली.

ज्वारीच्या नव्या जाती काढन्यात गुरुजींचा जन्म गेलेला. ही त्यांची लाडकी शिष्यीन. हुशार म्हंजे... सोताची दृष्ट सोताच काढावी अशी.

त्या साली बिनपान्याच्या तुकड्यात, म्हंजे पारखायला मुद्दाम पानी न दिलेल्या रानात, सगळी ज्वारी करपली. एकच ताट, म्हंजे ज्वारीचा धांडा, हिरवं राह्यलं. कनीस भरलं टचटचीत. तसलं दुसरं ताट अख्ख्या रानात न्हाई.

हेमांगीनं फुलोऱ्याआधीच कनसाला कागदी पिशवी घातली, परके पराग लागू नयेत म्हनून. फुलोरा शेंड्याला कवा आला, बुडाला कवा पोचला, सगळं टिपलं. दाना दुधात आला, थोडे तोडले. हुरड्यात आला, आनखी तोडले. दर खेपेला भट्टीत वाळवायचे आनि तोलायचे.

"गुरुजी, दाणा कसा भरतो ते इतकं बारीक कुणी मोजलं नसेल!" नाक एवढं वर, की पाऊस आला असता तर आत पानी गेलं असतं.

"नसेलच. झकास केलंस. आता बी दे."

"ते... वजनात गेलं."

"सगळं?"

"शेवटचं वजन पक्कं यायला हवं होतं ना, म्हणून उरलेलेही..."

"भट्टीतनं निघालेलं रुजतं का गं बाई?"

तवा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. तोंड पांढरंफटक. एवढी शिकलेली पोर, बांधावर मटकन बसली आनि हमसून हमसून रडाया लागली.

मी असते तर कान पिळला असता. गुरुजी मात्र गुडघे कडाकडा वाजवत ताटापाशी बसले. बुडाची माती बोटानं सारली.

"ये. बघ."

जुन्या बुडातनंच फुटलेला करंगळीएवढा कोंब.

"फुटवा!" तिनं पदरानं नाक पुसलं. "गुरुजी, याला कणीस येईल? त्याच जातीचं?"

"जगला तर."

गुरुजींनी प्यायच्या पान्याची बाटली काढली. झाकन फिरवलं. बुडाशी वतनार, तोच हेमांगीनं मनगट धरलं.

"अहो गुरुजी! बिनपाण्याचा तुकडा आहे हा! माझी सगळी मापं बिघडतील!"

गुरुजी हसले.

"तुझं मोजून झालंय ना, पोरी? मग आता पिऊ दे की त्याला."

असा आ वासून काय बसलायस? ऊठ. पळ आता.