काठ कापलेलं घोंगडं

फार पूर्वी, गावात माणसं कमी आणि मेंढरं जास्त होती तेव्हा, एका माळरानाच्या गावी घोंगडी विणणारी एक बाई राहत होती. तिच्या वडलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांचा माग तिच्याकडे आला आणि मागाबरोबर त्यांचं सगळं कसबही आलं. ती लोकर कधी रंगवत नसे. मेंढरांच्या अंगावर देवानं जे रंग दिलेत तेवढे तिला पुरत. गावाला काळा रंग एकच दिसायचा, तिला काळ्याचे नऊ प्रकार ठाऊक होते. कोकराचा काळा वेगळा, उन्हानं तांबूस पडलेला वेगळा, आणि म्हाताऱ्या मेंढीचा राखाडीकडे झुकलेला काळा तर अगदीच वेगळा.

त्याच गावात एक कलाशाळा होती. लांबलांबची मुलं तिथं राहून शिकत. चित्र, मूर्ती, गाणं आणि नाच असे तिथं चार विषय होते. याखेरीज जगात माणसं हातानं जे काही करतात त्याला शाळेत घरकाम म्हणत. घरकामाला शाळेत यायचं झालं तर ते मागच्या दारानं, केरसुणी घेऊन येत असे.

बाई ओढ्यावर लोकर धुवायला जाई. परतताना तिची वाट शाळेच्या खिडक्यांखालून जायची. आत मुलांना सावलीत किती रंग असतात ते शिकवणं चाललेलं असे. डोक्यावर ओल्या लोकरीची पाटी घेऊन ती तिथं थांबायची. पाणी मानेवरून पाठीवर उतरायचं, तरी तिचा पाय निघत नसे. तिला वाटायचं, हे तर मला येतं, माझ्या बोटांना येतं, मग या पोरांना कुणी द्यायचं? तिला स्वतःचं मूल नव्हतं. गावातल्या पोरींना मागावर बसायची हौस नव्हती. आपण गेलो की ते नऊ काळे पुन्हा एकच होऊन जातील, याचं तिला फार वाईट वाटे.

वीस वर्षांत ती तीनदा शाळेत विचारायला गेली. पहिल्यांदा तिला गूळपाणी देऊन परत पाठवलं. दुसऱ्यांदा, सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत मुलांना सदऱ्याच्या गुंड्या लावायला शिकव, असं सांगितलं. तिसऱ्यांदा तेव्हाचे म्हातारे गुरुजी म्हणाले की घोंगडं पांघरायचं असतं, बघायचं नसतं. अहो, पांघरायच्या आधी माणूस ते बघतोच की, असं उत्तर तिला सुचलं, पण ते अर्ध्या वाटेत. चांगली उत्तरं घरी जातानाच सुचतात. शेजारीण तिला चिडवायची, की ज्यांना घोंगडं कुठून सुरू होतं ते माहीत नाही, त्यांच्या दारात कशाला झिजतेस? बाई हसून सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीखाली थांबायची.

पुढे म्हातारे गुरुजी गेले आणि नवे आले. हे गुरुजी वेगळे होते. एके दिवशी ते आपणहून तिच्या दारी आले, मागाच्या खड्ड्याशेजारी उकिडवे बसले आणि आडवा धागा घेऊन धोटा कसा इकडून तिकडे जातो ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी शाळेचा एक जुना रिवाज सांगितला. नवा विषय घ्यायचा तर त्या कलेचं एक काम कोजागरीपासून तीन दिवस शाळेच्या दालनात मांडायचं. लोकांनी यावं, पाहावं, हात मात्र लावू नये. ते काम तीन दिवस दालनात टिकलं की विषय शाळेत आला. मूर्तीचा विषय असाच आला होता.

बाईनं वर्षभर दुसरं काही विणलं नाही.

तिनं काय विणलं? वाट विणली. तिचा नवरा एका दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेनं गेला होता, तो परत आला नव्हता. कुणी म्हणे पुरात गेला, कुणी म्हणे तापानं गेला. तिनं नवरा विणला नाही, मेंढरंही विणली नाहीत. कळप निघून गेल्यावर वाटेवर जी धूळ थोडा वेळ तरंगत राहते, ती विणली. धूळ विरळ दिसावी म्हणून वीणही मुद्दाम विरळ ठेवली. अगदी टोकाला, वाट टेकडीआड वळते तिथं, तिनं नवव्या काळ्याची एकच बारीक रेघ ओढली. घोंगडं मागावरून उतरलं तेव्हा चिडवणारी शेजारीणही ते पाहायला आली. ती पदरानं डोळे टिपत घरी गेली.

कोजागरीच्या सकाळी गुरुजींनी घोंगडं दालनात उलगडलं. धुळीवरून नजर नेत ते टोकाच्या रेघेपर्यंत आले. मग हळूच म्हणाले, "बाई, यातून कोण गेलं?"

"गेलं कुणीतरी," बाई म्हणाली.

आता एकच अडचण होती. शाळेत चौकटीशिवाय काही टांगायची रीत नव्हती. शाळा बांधणाऱ्यानं सागवानी चौकटी करून ठेवल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. घोंगडं दोन्ही बाजूंनी हातभर जास्त भरत होतं. गुरुजींनी ते दुमडून पाहिलं, पण मागची फळी बसेना. बाहेर माणसं जमू लागली होती. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. कागदाला कडेचा कोरा समास असतो, तसाच घोंगड्याला काठ असतो, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. ते म्हणाले की दोन्हीकडचं हातभर कापलं तर नीट बसेल, मधलं सगळं तर राहतंच आहे.

बाईला सगळं माहीत होतं. घोंगड्याचा आडवा धागा काठापाशी जाऊन परत वळतो. तो वळतो म्हणूनच घोंगडं घोंगडं राहतं. काठ गेला की प्रत्येक धाग्याला पळून जायला दोन्हीकडे दार मोकळं. त्यातून हे विरळ विणलेलं. नाही म्हणावं, घोंगडं खांद्यावर टाकावं आणि घरी जावं, इतकं ते सोपं होतं. पण मागच्या वर्षापासून तिच्या डोळ्यांवर सारा येऊन अंधुक दिसू लागलं होतं, आणि पुढच्या कोजागरीला आपल्याला कोकराचा काळा ओळखू येईल की नाही याची तिला खात्री नव्हती. दालनाच्या दाराशी मुलं दाटीनं उभी होती. अशीच मुलं तिला वीस वर्षं खिडकीतून दिसली होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिला अक्कल होती, पण त्या घटकेला ती तिच्या कामाला आली नाही.

गुरुजींनी कात्री पुढे केली. बाईनं ती घेतली नाही. लोकर कातरायची आपली कात्री कमरेतून काढली आणि दोन्ही काठ स्वतःच कापले. दुसऱ्यानं कापलेलं तिला पाहवलं नसतं.

पहिला दिवस फार चांगला गेला. लोक येत आणि त्या घोंगड्यापुढून लवकर हलत नसत. एक म्हातारा मेंढपाळ पागोटं काढून हातात धरून उभा राहिला. चित्रांच्या वर्गातल्या मुलांनी विचारलं की हा रंग कशात भिजवला, आणि भिजवलेलाच नाही हे ऐकून ती चाट पडली. बाई कोपऱ्यात बसून होती. इतक्या वर्षांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं. चौकटीवर ताणून ठोकलेलं घोंगडं कडेनं सुटू लागलं. आधी एक धागा आला, दुपारपर्यंत दहा आले. गुरुजींनी घाईनं आणखी खिळे मारून घेतले आणि जिथं खिळा बसला तिथून नवं भोक पडलं. टेकडीआडचं वळण तर कापतानाच गेलं होतं. आता त्याच्या अलीकडची वाटही सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकटीत मधला एक तुकडा लोंबत होता आणि खाली जमिनीवर लोकरीचा ढीग पडला होता. मुलांना तो केर वाटला. एकानं केरसुणी आणली.

"राहू दे बाळा," बाई म्हणाली, "मी भरते."

ती खाली बसून एकेक धागा गोळा करू लागली. थोड्या वेळानं गुरुजीही तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि धागे वेचू लागले. त्यांनी विचारलं की हे पुन्हा जोडता येईल का. तिनं मान हलवली.

"मग पुन्हा विणा. मी वर्षभर थांबतो."

"गुरुजी, हे वरसाचं काम न्हवतं. वीस वरसं वाट बघितली, तवा हे झालं. आता तेवढी बघायला माझ्यापाशी कुठनं येणार?"

गुरुजींनी वेचलेले धागे तिच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, "माझं चुकलं बाई. मी काठाला समास समजलो."

"तुमचं काय चुकलं? तुमाला ठावं न्हवतं." बाईनं हातातला धागा बोटाला गुंडाळला. "मला ठावं व्हतं."

रिवाज तो रिवाज. काम तीन दिवस टिकलं नव्हतं, त्या वर्षी विषय आला नाही. पण गुरुजींना त्या दिवसापासून चैन पडेना. एवढी मोठी शाळा, इतके शिकवणारे, इतकी मुलं, आणि धागा काठापाशी वळतो हे त्यातल्या एकालाही माहीत नसावं? एकाला जरी माहीत असतं तरी कुणीतरी कात्रीवर हात ठेवला असता. त्यांनी शाळेच्या पंचांना सांगितलं की पुढच्या कोजागरीला घोंगडं चौकटीशिवाय टांगलं जाईल, नाहीतर मी शाळा सोडून माझ्या गावी जाईन. पंच कुरकुरले, पण चांगला मास्तर घालवणं त्यांनाही परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी बाईनं एक साधं घोंगडं दिलं, रोज मेंढपाळाच्या खांद्यावर असतं तसं. ते दालनाच्या तुळईला दोरीनं टांगलं. तीन दिवस ते टिकलं. पाहणाऱ्यांनी बरं आहे म्हटलं. पागोटं कुणी काढलं नाही.

चित्रांच्या वर्गाशेजारच्या खोलीत मागासाठी खड्डा खणला गेला. बाई पुढच्या दारानं आत आली. डोळ्यांनी दिसेना तरी बोटांनी लोकर ओळखून ती मुलांना शिकवत राहिली. चित्रं काढणारी मुलं आपणहून येऊन मागावर बसू लागली. काही वर्षांनी शाळेतल्या कितीतरी मुलांना काळ्याचे नऊ प्रकार सांगता येऊ लागले. एका मुलीनं तर दहावाही शोधला. बाईला जे हवं होतं ते सगळं मिळालं. तरी ती वाट काही तिच्या हातून पुन्हा उतरली नाही. तिनं दोनदा मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावला आणि दोनदा उतरवून ठेवला. कधी कधी शिकवता शिकवता तिची बोटं थांबत.

नव्या मुलांना पहिला धडा काठाचाच असे. एकदा एका लहान मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही कधी काठ कापलाय का?"

"व्हय. एकदाच."

"का कापला?"

बाईनं मागावरच्या घोंगड्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आत यायाचं व्हतं गं."

मुलीला ते काही कळलं नाही. ती पुन्हा धोटा टाकू लागली.

तात्पर्य: दार उघडावं म्हणून आपण जे कापून द्यायला तयार होतो, बहुतेक वेळा त्याच्यासाठीच तर आपल्याला आत जायचं असतं.